खांदा अर्धं बोट तोकडा

१

फाइलमध्ये सहावं पान होतं. आठवंही होतं. सातवं नव्हतं.

आता एखाद्या फाइलमधून एक पान गळालं म्हणून जग बुडत नाही, हे मलाही मान्य. या इस्पितळाच्या औषधखिडकीमागे मी पस्तीस वर्षं काढली. माझ्या डोळ्यांदेखत एकदा एक अख्खा रोगी हरवला होता आणि तीन दिवसांनी लिफ्टमध्ये सापडला. मधल्या काळात त्याने लिफ्टवाला म्हणून इतकं चोख काम केलं की त्याला घरी पाठवताना लोकांचे डोळे पाणावले. खोटं वाटत असेल तर लिफ्ट अजून तिथेच आहे, जाऊन बघा.

पण हे सातवं पान साधं नव्हतं. तीन दिवसांपूर्वीच्या एका बाळंतपणाची हकीगत त्यावर होती. डोकं कधी दिसलं, खांदा कधी अडकला, कोण हजर होतं, कुणी काय केलं, सगळं. आणि त्या बाळंतपणातून जगात आलेली मुलगी डावा हात हलवत नव्हती. उजव्या हाताने ती साऱ्या दुनियेला मूठ दाखवायची. डावा मात्र नव्या पाहुण्यासारखा अंग चोरून गप्प.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं स्वच्छ होतं. त्यांना आम्ही मागून घाईडॉक्टर म्हणायचो, कारण ते जिना चढता चढता रोग ओळखायचे आणि उतरता उतरता औषध सांगायचे.

"मी पोचलो तेव्हा मूल झालेलं होतं," ते म्हणाले. "सिस्टरने एकटीने बाळंतपण केलं. डोकं धरून ओढलं, खांद्याची नस ताणली गेली. आणि आता स्वतःच लिहिलेलं पान स्वतःच गायब केलंय. याहून काय सांगू?"

ती सिस्टर म्हणजे आमची आक्का. लेबर रूममध्ये एकतीस वर्षं. या गावातल्या निम्म्या लोकांनी जगात आल्यावर पहिलं तोंड पाहिलं ते आक्काचं, आणि ते पाहून प्रत्येकाने भोकाड पसरलं. त्याचा तिला भारी अभिमान. तर ही आक्का तीन दिवस एकच वाक्य बोलत होती.

"मी ओढलं नाही."

"मग काय झालं ते सांगा," असं विचारलं की तोंडाला कुलूप.

निकाल होता व्यवस्थापक साहेबांच्या हातात. साहेब तिशीतले, भांग सरळ, बोलणं त्याहून सरळ. तेही याच इस्पितळात, आक्काच्याच हातावर जन्मलेले, तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. व्हरांड्यात त्यांचा फोटो अजून टांगलेला आहे. टॉवेलात गुंडाळलेलं एक लालबुंद गाठोडं, खाली पाटी : 'वर्षातलं शेवटचं बाळ, ३१ डिसेंबर, रात्री ११ वाजून ५४ मिनिटं'. शेजारी दुसरा फोटो, 'वर्षातलं पहिलं बाळ', आणि ते बसलंय इस्पितळाने बक्षीस दिलेल्या चकचकीत बाबागाडीत. सहा मिनिटांनी हुकलेल्या त्या गाडीकडे साहेब येता-जाता बघतात, हे मी स्वतः पाहिलंय. त्या सहा मिनिटांपायी ते शाळेतही वर्षभर आधी गेले आणि दहावीपर्यंत वर्गात सगळ्यांत बुटके राहिले.

"उद्या अकरा वाजता चौकशी," साहेब म्हणाले. त्यांना ते बोलणं जड जात होतं. "पान मिळालं नाही, तर आक्कांना घरी जावं लागेल. आणि त्यांचं नाव नर्सिंगच्या यादीतून काढायला वर कळवावं लागेल. माझा इलाज नाही."

मी तडक माझ्या बहिणीकडे गेलो. थोरली बहीण, विधवा, शिंपीण. इस्पितळाचे सगळे गाऊन, पडदे, खोळी तीच शिवते आणि फाटलं की तीच सांधते. गळ्यात कायम टेप, म्हणून सगळे तिला मापताई म्हणतात. माणसाकडे नुसतं बघून ती छातीचं माप सांगते, आणि जरा जास्त वेळ बघितलं तर मनातलं.

"ताई, आक्कावर बालंट आलंय," मी म्हणालो.

"माहीत आहे." ती मशिनीवरून उठलीही नाही. फाटक्या कपड्यांच्या ढिगातून तिने एक निळा गाऊन ओढला आणि माझ्यापुढे पसरला. "तीन दिवसांपूर्वीचा आहे, लेबर रूममधून आलाय. पुड्या, नीट बघ. या बाईला कुणीतरी वरून दाबलंय."

२

पुड्या हे माझं लाडाचं नाव. औषधाच्या पुड्या बांधायचो म्हणून पडलं, असं मी सांगतो. लोक निराळं कारण सांगतात.

मला त्या गाऊनमध्ये एक फाटका गाऊन दिसला. ताईला बरंच काही दिसलं.

"बाळंतपणात बाई तळमळते, गाऊन कमरेपाशी उसवतो. शंभरातले नव्वद तिथेच. हा बघ, छातीच्या खाली उसवलाय, आडवा. कापड वरून खाली रेटलं गेलंय, जोराने, दोन्ही तळव्यांनी. टाके तुटलेत ते सगळे खालच्या अंगाला."

"मग आक्कानेच दाबलं असेल."

"आक्काला हात किती?"

"दोन."

"मूल खाली अडकलेलं असताना ते कुठे असतील?"

मी गप्प बसलो. आयुष्यात क्वचितच बसतो.

बाळंतिणीच्या खोलीत शिरायला ताईला कारण हवंच होतं, ते मुलीच्या हाताने दिलं. हात न उचलता घालता येईल असं, खांद्यावर उघडणारं झबलं शिवायचं ठरलं. खोलीच्या दाराशी मुलीची आजी छत्री घेऊन पहारा देत होती. बाहेर कडकडीत ऊन.

"कोण तुम्ही? त्या सिस्टरच्या कुणी असाल तर आल्या पावली परत जा! माझ्या नातीचा हात मोडला हो त्या बयेने!"

"मी शिंपीण. माप घ्यायला आलेय."

"आणि हे?"

"हा माझा भाऊ. टेपचं दुसरं टोक धरतो. तेवढंच जमतं त्याला."

आजीने मला नखशिखांत न्याहाळलं, तेवढंही जमेल की नाही अशा नजरेने, आणि छत्री बाजूला घेतली.

मुलगी जागी होती. ताईने आधी स्वतःचे हात चोळून ऊन केले, मग मानेपासून उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत टेप लावला. मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आजीचा धीर सुटला.

"अहो, मुलीचं झबलं शिवताय की जमिनीची मोजणी करताय?"

"आजी, डावा खांदा अर्धं बोट तोकडा आहे."

"अगं बाई! म्हणजे आता पोर वाकडी?"

"थांबा हो. वाकडं माप आणि वाकडं माणूस यांत फरक असतो." ताईने आपली करंगळी मुलीच्या डाव्या तळव्यात ठेवली. इवली बोटं घट्ट मिटली. मग तिने कोपराला हलकेच गुदगुली केली तर कोपर वाकलं. फक्त खांद्याच्या बाजूने हात उचलायला गेलं की पोर असं किंचाळायची की मी टेप सोडला. ताई काहीच बोलली नाही. मला मात्र माहीत आहे, ती काही बोलत नाही तेव्हा तिचं मशीन आत सुरू असतं.

मग ती बाळंतिणीच्या उशाशी बसली. "तुला त्या वेळचं काय आठवतं गं?"

"डोळे मिटलेले होते, काकू. आक्का सारखं म्हणत होत्या, गुडघे पोटाशी घे, जोर थांबव. आणि वरून कुणीतरी पोटावर दाबत होतं, माझा श्वास अडकला. आक्का ओरडल्या, दाबू नका!"

"कुणाला ओरडल्या?"

"नाही कळलं. त्याच वेळी शेजारच्या शाळेची घंटा झाली आणि मुलं एकदम ओरडत मैदानात आली. मला वाटलं, माझंच बाळ रडलं." तिने मुलीचं पांघरूण सारखं केलं. "पण ते रडलं नव्हतं. ते रडलं त्यानंतर दोन मिनिटांनी. ती दोन मिनिटं मी नाही विसरणार."

आजीने छत्री भिंतीला टेकवली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "झालं की, ताई! तिसरं माणूस होतं. आता ते कोण, एवढंच."

"एवढंच," ताई म्हणाली. "आणि ते तिथे होतं हे सांगणारं एकच पान गायब आहे."

३

लेबर रूममध्ये त्या दिवशी कामावर माणसं तीनच. आक्का, कामाच्या मावशी आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे उशिरा आलेले, घाईडॉक्टर.

मावशी धुण्याच्या खोलीत भेटल्या. त्यांचा आवाज इतका मोठा की त्यांनी कुजबुजलं तरी दोन मजले ऐकतात.

"मला काय विचारता? मी ऊन टॉवेल आणायला शेजारच्या खोलीत गेले होते. पोर रडली तशी धावत आले. बघते तर डॉक्टर हात धूत उभे. म्हणाले, मी आत्ताच आलो, इथे तर सगळं आटोपलं."

"अंगावर काय होतं त्यांच्या?"

"पांढरा कोट. आणि घाम. एवढा घाम, मला वाटलं जिना पळत चढले. ते नेहमीच पळत चढतात म्हणा."

"पोटावर तुम्ही दाबलं होतं का?"

मावशींनी ओले हात कमरेवर ठेवले. "मी? एकदा एका नव्या सिस्टरच्या सांगण्यावरून दाबलं होतं, तर आक्काने सगळ्यांदेखत माझा असा पाणउतारा केला की आठ दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी बाळंतिणीच्या पोटाकडे बघतसुद्धा नाही. टॉवेल देते आणि भिंतीकडे तोंड करते."

मग आक्का. ती तिच्या कपाटातलं सामान पिशवीत भरत होती. एक जुना मग, चपला, कुण्या बाळाने एकतीस वर्षांत कधीतरी पाठवलेलं लग्नाचं आमंत्रण.

"निघालीससुद्धा?" ताईने विचारलं.

"उद्या सगळ्यांसमोर भरण्यापेक्षा आज भरलेलं बरं."

"वरून दाबणारा डॉक्टर होता. हो की नाही?"

आक्काने मग फडक्यात गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला. "खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकला होता, ताई. अशा वेळी वरून दाबायचं म्हणजे कडी लागलेल्या दाराला लाथ मारायची. दार मोडतं, नाही तर पाय. मी दोनदा सांगितलं. त्यांना साडेअकराला दुसरीकडे ऑपरेशन होतं. फोनवर आधीच म्हणाले होते, 'अकरापर्यंत वाट बघा, नाही तर ऑपरेशनचं टेबल तयार ठेवा.' पुढे मीच आत हात घालून खांदा फिरवला, तेव्हा सुटली पोर. सगळं त्या पानावर लिहिलं होतं."

"मग हे उद्या ठासून सांग!"

"सांगून उपयोग नाही. फाटकावरची वही बघून या. मग कळेल."

आम्ही फाटकावर गेलो. पहारेकऱ्याने वही उघडली. हा माणूस घड्याळाच्या बाबतीत देवमाणूस. मोबाइलवर बघितल्याशिवाय तो शिंकतसुद्धा नाही. तीन दिवसांपूर्वीच्या ओळीत घाईडॉक्टरांच्या गाडीचा नंबर होता. पुढे वेळ : अकरा वाजून सहा मिनिटं.

आणि मुलीच्या मनगटावरच्या पट्टीवर, आक्काच्याच गोल अक्षरात, लेबर रूमच्या घड्याळात बघून लिहिलेली जन्मवेळ : अकरा वाजून दोन मिनिटं.

डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा मुलगी जगात येऊन चार मिनिटं झाली होती.

"ताई, आक्का खोटं बोलतेय."

ताई टेपचं टोक दातात धरून उभी होती. "गाऊन खोटं बोलत नाही. बाळंतीणही नाही. आणि आक्का..." ती एकदम थांबली. "पुड्या, शाळेची घंटा किती वाजता होते रे?"

४

अजून अकरा वाजायचे होते, आणि त्या सकाळी गावात कुणाला जन्माची घाई नव्हती. लेबर रूम रिकामी होती. ताईने मावशींना सांगितलं, खिडकीच्या पडद्याची पट्टी उसवलीय. मावशी म्हणाल्या, नाही उसवली. ताईने खिशातून छोटी कात्री काढून दोन टाके कापले आणि म्हणाली, आता बघा.

लेबर रूमचा एक कडक नियम आहे. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या, मोबाइल, सगळं दाराशी एका ट्रेमध्ये ठेवायचं. जंतू जाऊ नयेत म्हणून. मग तो मोठा डॉक्टर असो वा मंत्री. आत वेळ सांगणारी एकच वस्तू, भिंतीवरचं गोल घड्याळ. त्याच्या खाली आक्काच्या हातची चिठ्ठी : 'हात लावू नये.' मी एकतीस वर्षं ती पाहत होतो.

मी दाराबाहेर थांबलो, कारण माझ्या मनगटातलं घड्याळ निघत नाही. ते निघत नाही यामागेही एक हकीगत आहे, त्यात एक सर्कस आहे, पण ती पुन्हा कधीतरी. शाळेची घंटा झाली. पोरांचा गलका उठला. मी माझ्या घड्याळात पाहिलं : अकरा दहा. लहान सुट्टी, रोजचीच.

आतून ताई बाहेर आली, पदर तोंडाला लावून. मला वाटलं रडतेय. जवळ येऊन बघतो तर हसू आवरत नव्हतं.

"काय झालं?"

"पडदा शिवून झाला," ती म्हणाली आणि तरातरा निघाली. मी मागे.

आधी ती मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि डाव्या खांद्याचं माप सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तपासून फाइलमध्ये लिहिलंय, नस ताणली गेलीय, एक्स-रे फोटोची गरज नाही."

"नस ताणली तर खांदा आखूड होतो का हो?"

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "तीन दिवस!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सगळे पानासाठी भांडत बसलो आणि पोरीच्या खांद्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही." आणि त्या उठून चालायला लागल्या.

मग ताई साहेबांच्या ऑफिसात गेली आणि तिथल्या खुर्च्यांच्या गाद्या मळल्या आहेत, उद्या एकही खुर्ची बसायला मिळणार नाही, असं जाहीर करून सातच्या सात गाद्या उचलून घेऊन आली.

"उद्या चौकशी आहे!" साहेब मागून ओरडले.

"लेबर रूम रिकामी आहे की!" ताई जिन्यातून ओरडली. "जिथे झालं तिथेच बसा! आणि साहेब, शाळेची घंटा होईपर्यंत मला बोलू द्या, एवढंच मागते. ट्रेचा नियम तेवढा सगळ्यांनी पाळायचा."

५

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला लेबर रूममध्ये स्टुलांवर सभा भरली. मधोमध साहेब. घाईडॉक्टर एक पाय दाराकडे ठेवून. आक्का पिशवी मांडीवर घेऊन. मावशी भिंतीकडे तोंड करून, सवयीने. आजी छत्रीसकट. मी नियमात बसत नव्हतो म्हणून उंबऱ्यावर.

"साहेब," ताईने गाऊन पसरला, "यावर वरून दाबल्याची खूण आहे. बाळंतीण म्हणते, शाळेची घंटा झाली तेव्हा कुणीतरी दाबत होतं आणि बाळ झालेलं नव्हतं."

घाईडॉक्टर हसले. "बाळंतकळांत बाईला घंटाच काय, सनई-चौघडेही ऐकू येतात. पट्टीवर वेळ आहे अकरा दोन. ती सिस्टरनेच लिहिली. या घड्याळात बघून."

"ते घड्याळ बरोबर आहे?"

"अर्थात!"

"नक्की? साहेबांसमोर सांगताय म्हणून विचारते."

"बाई, गेली बारा वर्षं मी याच घड्याळावर काम करतोय. ते बरोबरच आहे. मुलगी अकरा दोनला झाली. मी अकरा सहाला फाटकात होतो. हिशेब संपला. मला वेळ नाही."

"मलाही नाही," ताई म्हणाली आणि हाताची घडी घालून गप्प उभी राहिली.

आजीने खाकरून घेतलं. साहेब काही बोलणार इतक्यात बाहेर घंटा घणघणली, आणि दोनशे पोरांनी एकदम जन्म घेतल्यासारखा कालवा झाला.

"शाळेची लहान सुट्टी," ताई म्हणाली. "रोज अकरा दहाला. साहेब, घड्याळात बघा."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. भिंतीवरचं घड्याळ शांतपणे टिकटिकत होतं. त्यात बरोबर अकरा वाजले होते.

"पुड्या, तुझ्यात किती?"

"अकरा दहा!" उंबऱ्यावरून मी ओरडलो. साहेब उठून ट्रेपाशी गेले आणि स्वतःचं घड्याळ उचललं. त्यांच्यातही अकरा दहा.

"म्हणजे पट्टीवरचे अकरा दोन," साहेब सावकाश म्हणाले, "खरे अकरा बारा. डॉक्टर फाटकात आले अकरा सहाला. वर यायला दोन मिनिटं. ते इथे होते. बाळ व्हायच्या आधी चार मिनिटं ते इथेच होते." मग ते वळले. "पण हे घड्याळ मागे कसं?"

ताईने तोंड उघडलं, आणि मिटलं. तिने आक्काकडे पाहिलंसुद्धा नाही. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. पण काही टाके ज्याचे त्यानेच उसवायचे असतात.

आक्काने पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिली.

"मी केलं. एकतीस वर्षं मीच करतेय. सेल बदलला की दहा मिनिटं मागे. सगळ्या सिस्टरांना माहीत आहे, एकाही डॉक्टरला नाही. फोनवरून हुकूम येतो, 'अकरापर्यंत वाट बघा, नाही तर कापू.' म्हणून माझ्या घड्याळात अकरा वाजायचे ते दहा मिनिटं उशिरा. तेवढ्यात कितीतरी मुलं आपल्या पायांनी आली, साहेब. म्हणजे, डोक्याने."

"आणि त्या दहा मिनिटांत एखाद्याचा घात झाला असता तर?" साहेबांनी विचारलं.

"पोटातल्या ठोक्यांवर माझा कान असायचा. ठोके बिघडले की घड्याळ न बघता मीच टेबल मागवायचे. पण तुमचं खरं आहे. चूक ती चूकच. म्हणूनच तोंड उघडवेना. घड्याळाचं सांगितलं तर इथल्या एकूण एक जन्मवेळा खोट्या ठरतात, आणि वेळ खोटी लिहिणारीचं बाकीचं कोण खरं मानणार?"

"मी मानते!" आजी छत्री आपटून म्हणाली. "माझी सून सांगत होती, दाबू नका म्हणून ओरडल्या त्या. मीच मेली ऐकलं नाही."

आता सगळे घाईडॉक्टरांकडे पाहायला लागले. त्यांचा दाराकडचा पाय हळूहळू आत आला. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना स्वस्थ बसलेलं पाहिलं.

"मूल अडकलं होतं," ते म्हणाले. "मी घाबरलो. काहीतरी करायला हवं म्हणून दाबलं. नंतर पट्टी पाहिली, फाटकावरची वही पाहिली. वेळ कशी जुळली ते मलाही कळलं नव्हतं. बुडत्याला काडी मिळाली, मी धरली. पान माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. फाडवलं नाही."

"आणि फोटोची गरज नाही, असं का लिहिलंत?" ताईने विचारलं.

उत्तर उघड होतं. फोटो काढला असता तर लोकांनी खांद्याकडे पाहिलं असतं, आणि मग प्रश्न विचारले असते.

इतक्यात मला ओलांडून डॉक्टरीणबाई आत आल्या, हातात फोटो फडफडवत. "गळ्याजवळचं हाड टिचलंय! नस शाबूत आहे. हात हलत नाही असं नाही, दुखतं म्हणून ती हलवत नाही. शहाणी आहे पोर! हात अंगाशी धरून ठेवायचा, दोन-तीन आठवड्यांत आपोआप जुळेल."

आजीने छत्री टाकली आणि हाताला लागेल त्याला मिठी मारली. ते घाईडॉक्टर निघाले. तिने लगेच सोडून आक्काला मारली.

६

पान सापडलं, आणि त्याबरोबर घाईडॉक्टरांची चौकशी वर गेली. निकाल लागेपर्यंत त्यांना लेबर रूम बंद. आक्काला साहेबांनी कडक शब्दांत समज दिली, लेखी. तिने ती गुंडाळून मगात खोचली, मग कपाटात ठेवला आणि पिशवी रिकामी केली. भिंतीवरचं घड्याळ साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून बरोबर लावलं, आणि घड्याळाखाली आक्काच्या चिठ्ठीऐवजी नवा नियम आला : कापायचं की थांबायचं, हे फोनवरून नाही, बाळंतिणीपाशी उभं राहून ठरवायचं.

तीन आठवड्यांनी मुलगी तपासणीला आली. ताईने टेप लावला. उजवीकडे, मग डावीकडे. माप बरोब्बर सारखं. ताई टेप काढायला गेली तर तो निघेना. पोरीने डाव्या हाताने तो घट्ट धरला होता आणि सोडायला तयार नव्हती.

"घ्या!" आजी म्हणाली. "आता ही शिंपीणच होणार!"

सगळे हसले. साहेब सोडून. ते व्हरांड्यात आपल्या फोटोसमोर उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते. मी जवळ गेलो.

"अकरा चौपन्न," ते पुटपुटले. "अधिक दहा." मग त्यांनी शेजारच्या फोटोतल्या त्या चकचकीत गाडीवर बोट ठेवलं आणि अख्ख्या इस्पितळाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"आक्काऽऽ! माझी बाबागाडी कुठे आहे?"